सगळे व्यर्थ आहे, असे बायबलही म्हणते

2018 मध्ये ब्रिटनने एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसामाणसांतले तुटत चाललेले संबंध हा आरोग्याचा प्रश्न मानला आणि त्यासाठी आयोग नेमला. जगात दरवर्षी 7 लाखांहून अधिक माणसे स्वतःचे आयुष्य संपवतात, असे हीच संघटना सांगते. त्यामागची कारणे अनेक असतात आणि ती एका सूत्रात कोंबणे अन्यायाचे ठरेल. पण एवढे खरे की, जगायचे कशासाठी हा प्रश्न आता फक्त धर्मग्रंथांत आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गांत राहिलेला नाही. ज्यांच्याकडे घर आहे, काम आहे, फोनमध्ये शेकडो ओळखी आहेत, तेही तो विचारतात. सरकारांना त्याची दखल घ्यावी लागते आहे. मग ‘आमच्याकडे आशा आहे’ असे दोन हजार वर्षे सांगत आलेल्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, या लोकांना नेमके काय सांगायचे?

बाजारात या प्रश्नाची दोन उत्तरे तयार मिळतात. पहिले उत्तर म्हणते, मनाला शिस्त लावा, चांगला विचार करा, रोज सकाळी स्वतःला बजावा की सगळे ठीक होणार आहे. दुसरे उत्तर, सांगायला दुःख होते, अनेक व्यासपीठांवरून देवाच्या नावाने दिले जाते: विश्वास ठेवा, म्हणजे नोकरी लागेल, आजार जाईल, घर होईल, आनंदीआनंद होईल. वरवर पाहता ही उत्तरे वेगळी आहेत, पण दोघांनाही त्या रिकामेपणाजवळ क्षणभर थांबायचे नाही. एक त्याला मनाची सवय म्हणून झटकते, दुसरे विश्वासाची कमतरता म्हणून दटावते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ख्रिस्ती आशेची वाट त्या रिकामेपणातून जाते. जगाची व्यर्थता पूर्ण मान्य केल्यावरच तिला अर्थ येतो. आणि ती खरी असेल तर माणसाला जगापासून दूर नेत नाही, त्याला पुन्हा जगाच्या कामाला लावते.

यासाठी बायबलमधलाच एक ग्रंथ पुरावा म्हणून पुढे ठेवतो. ‘उपदेशक’ हे पुस्तक पहिल्याच ओळींत सगळे व्यर्थ ठरवून टाकते. त्याचा लेखक निराश होऊन कोपऱ्यात बसलेला माणूस नाही. त्याने घरे बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, पाण्याची तळी खोदली, सोनेरूपे साठवले, गायक-गायिका ठेवल्या. डोळ्यांनी मागितले ते त्यांना नाकारले नाही. मग मागे वळून आपल्या हातच्या कामाकडे पाहिले, तेव्हा ते सगळे वाऱ्यामागे धावणे वाटले. तो म्हणतो, मला जगण्याचाच तिटकारा आला. मी राबून जे मिळवले ते माझ्यामागून येणाऱ्याला सोडून जायचे, आणि तो शहाणा असेल की मूर्ख, कोण जाणे! चौथ्या अध्यायात तो आणखी खोल जातो. गांजलेल्यांचे अश्रू त्याला दिसतात आणि त्यांचे सांत्वन करणारे कोणीच नाही हेही दिसते. त्याच अध्यायात एक एकटा माणूस आहे. त्याला मुलगा नाही, भाऊ नाही, तरी त्याच्या कष्टाला अंत नाही आणि ‘मी हे कोणासाठी करतो आहे?’ असा प्रश्नही त्याला पडत नाही. आजच्या कितीतरी माणसांचे हे वर्णन आहे.

मला नेहमी नवल वाटते ते याचे, की हा ग्रंथ बायबलमध्ये टिकला. श्रद्धेला अडचणीचा म्हणून तो कोणी काढून टाकला नाही. ज्या धर्मग्रंथात दुःखाने पिचलेला ईयोब देवाशी वाद घालतो, ज्यातले 88वे स्तोत्र अंधारातच संपते आणि शेवटी दिलाशाची एक ओळही जोडत नाही, त्या धर्मग्रंथाला माणसाच्या उदासीची भीती वाटत नाही हे उघड आहे. मग ती त्यावर प्रवचने करणाऱ्यांना का वाटावी? व्यर्थतेची जाण ही ख्रिस्ती माणसाची मक्तेदारीही नाही. आपल्या संतांनी ती कितीतरी तीव्रतेने गायिली आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. संसाराची पोकळी ज्याला कळली, तो आशेच्या निम्म्या वाटेवर आलेला असतो असे मला वाटते, मग तो कुठल्याही घरात जन्मलेला असो.

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन याच्या आयुष्यातला एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. तो तेव्हा मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक होता. वय तिशीच्या आसपास, मोठे नाव, दरबारात प्रवेश. एके दिवशी बादशहाची स्तुती करणारे भाषण त्याला करायचे होते. त्यात बरेच काही खोटे असणार होते आणि ते खोटे आहे हे माहीत असलेले लोकच टाळ्या वाजवणार होते, असे त्याने पुढे स्वतः लिहिले. त्या धास्तीत रस्त्याने जाताना त्याला एक भिकारी दिसला. पिऊन खुशीत होता, हसत होता. ऑगस्टीन सोबतच्या मित्रांना म्हणाला, एवढ्या खटाटोपातून आपण जे शोधतो आहोत ते या माणसाने चार नाण्यांत मिळवले. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता हे त्याला कळत होते. पण त्याची नशा रात्रीत उतरणार होती, आणि ऑगस्टीन स्वतःच्या कीर्तीची नशा घेऊन झोपत होता, तीच घेऊन उठत होता. 386 साली तो ख्रिस्ताकडे वळला. आमचे हृदय तुझ्यात विसावेपर्यंत अस्वस्थच असते, हे त्याचे देवाला उद्देशून लिहिलेले वाक्य जगभर उद्धृत होते, पण त्यामागे ही मिलानची वाट आहे. अपयशातून देवाकडे वळणारे पुष्कळ असतात. ऑगस्टीनला अस्वस्थ केले ते यशाने.

येशूने हाच प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. लूककृत शुभवर्तमान या येशूच्या बायबलमधल्या चरित्राच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण त्याला म्हणतो, ‘गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा.’ येशू वाटणीत पडत नाही. एक दाखला सांगतो. एका धनवानाच्या जमिनीला उदंड पीक येते. तो कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो आणि आपल्या जिवाला म्हणतो, आता पुष्कळ वर्षे पुरेल, आराम कर, खा, पी, मजा कर. देव त्याला म्हणतो, मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. मग हे सगळे कोणाचे होईल? बहुतेक प्रवचनांत या दाखल्यातून लोभाविषयी ताकीद दिली जाते आणि ती बरोबरच आहे. पण त्या माणसाचे बोलणे पुन्हा वाचा. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. तो फक्त स्वतःशी बोलतो. बायको नाही, शेजारी नाही, शेतात राबलेला मजूर नाही, जेवायला बोलवावा असा एकही पाहुणा नाही. मरणाच्या कितीतरी आधी तो एकटा पडलेला आहे. देवाचा प्रश्नही तोच आहे, जो उपदेशकाने स्वतःला विचारला होता: हे कोणाचे होणार? साठवणे आणि एकटे पडणे यांचे नाते येशूला दिसले होते. आज एकाकीपणावर आयोग बसवणाऱ्यांनी ते तपासून पाहावे.

आता आशेकडे येतो. आशावाद परिस्थितीकडे पाहून बोलतो: लक्षणे बरी आहेत, आकडे सुधारत आहेत, सगळे नीट होईल. परिस्थिती बिघडली की आशावाद गप्प होतो, आणि तसे होणे प्रामाणिकपणाचेच असते. ख्रिस्ती आशेचा आधार परिस्थितीत नसतो. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांचे आयुष्य याचे उदाहरण आहे. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा ते 17 वर्षांचे होते. शेजारी उभा असलेला मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत मारला गेला. मी का वाचलो, आणि देव कुठे आहे, हे प्रश्न घेऊन ते युद्धकैदी झाले. छावणीत पुढे हेही कळले की आपल्या देशाने छळछावण्यांत काय केले होते. म्हणजे दुःखात आता लाजही मिसळली. तिथे त्यांच्या हाती बायबल आले. मार्कच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचा येशू ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ते वाचताना मोल्टमानना वाटले, आपल्याला समजून घेणारा एक जण इथे आहे. घरदार, देश, चांगुलपणावरचा विश्वास, सगळे ढासळल्यावर एका त्यागलेल्या माणसाच्या आरोळीत त्यांना देव भेटला. 1964 मध्ये त्यांनी आशेच्या धर्मशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्याची मुळे त्या छावणीत आहेत.

वधस्तंभाने आपल्याला समजून घेतले एवढ्यावर मात्र आशा उभी राहत नाही. सोबतीने दुःख हलके होते, संपत नाही. ख्रिस्ती आशा एका दाव्यावर उभी आहे: वधस्तंभावर मेलेल्या येशूला देवाने मेलेल्यांतून उठवले. सुरुवातीच्या मंडळीचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, म्हणजे करिंथकरांस, पहिले पत्र येशूच्या मरणानंतर साधारण दोन दशकांनी लिहिले. त्यात तो साक्षीदारांची यादी देतो, पाचशेहून अधिक बांधवांना येशू एकाच वेळी दिसला असे सांगतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असेही जोडतो. मग तो जे लिहितो ते धाडसाचे आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ. मग सगळ्या माणसांत आम्हीच अधिक कीव करण्याजोगे. मग खाऊया, पिऊया, कारण उद्या मरायचे आहे. उपदेशकाचे पारडे किती जड आहे हे पौलाला ठाऊक आहे. पुनरुत्थान वजा केले तर तो स्वतः उपदेशकाच्या बाजूला जाऊन बसायला तयार आहे.

म्हणून ‘खरे असो वा नसो, श्रद्धेने मनाला बरे वाटते’ हा युक्तिवाद मला पटत नाही, मग तो श्रद्धेच्या मित्रांनी केलेला का असेना. श्रद्धाळू माणसे कमी एकाकी असतात, संकटात अधिक टिकतात, असे म्हणून मंडळीची उपयुक्तता सिद्ध करायचा मोह होतो. तसे असेलही. पण पौलाला तो युक्तिवाद क्षणभरही चालला नसता. मन रमवणारी पण खोटी गोष्ट त्याच्या लेखी व्यर्थच होती. ज्याला पुनरुत्थान पटत नाही त्याच्याशी मी वाद घालीन, त्याला पुरावे वाचायला सांगीन, त्याच्या शंका ऐकीन. पण ‘मान्य करून टाक, बरे वाटेल’ असे सांगणार नाही. तसे सांगणे त्याचाही अपमान आहे आणि प्रभूचाही.

इथे सगळ्यात गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. 1844 मध्ये कार्ल मार्क्सने धर्माला जनतेची अफू म्हटले. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला गांजलेल्या जिवाचा उसासाही म्हटले होते, हे टीकाकार आणि समर्थक दोघेही विसरतात. त्याचे म्हणणे असे की स्वर्गातल्या सुखाची आशा दाखवून इथल्या दुःखाविरुद्ध उठायची ताकद काढून घेतली जाते. हे घडलेले आहे. गुलामांना, मजुरांना, मार खाणाऱ्या बायकांना ‘सोस, वर बक्षीस आहे’ असे वधस्तंभाच्या नावाने सांगितले गेले आहे. ते पाप होते आणि ते सांगणाऱ्यांत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरूही होते.

पण 1807 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाकडेही पाहायला हवे. कॅरिबियन बेटांवरच्या आफ्रिकी गुलामांना शिकवण्यासाठी बायबलमधले निवडक भाग एकत्र करून ते काढले होते. त्यात जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाचा, बहुतांश मजकूर गाळला होता. योसेफ विकला गेल्याची गोष्ट ठेवली होती. मोशे लोकांना मिसर देशाच्या दास्यातून सोडवून नेतो ती कथा काढून टाकली होती. ‘ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही’ हे पौलाचे वचनही गाळले होते. बायबलची आशा निव्वळ अफू असती तर हे सगळे काढायची गरज कोणाला पडली नसती. अख्खा ग्रंथ गुलामाच्या हाती गेला तर काय होईल, हे त्या संपादकांनी नीट ओळखले होते. मार्क्सच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, त्याने वर्णन केली ती कापलेली आशा आहे. तिचे अर्धे पान फाडून ठेवलेले आहे.

पूर्ण पान कसे दिसते? करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानाविषयी आहे. ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे?’ इथपर्यंत तो चढत जातो. आता पौल म्हणेल, तेव्हा आकाशाकडे डोळे लावून बसा, असे वाटते. शेवटच्या वचनात तो म्हणतो: तेव्हा स्थिर राहा आणि प्रभूच्या कामात नेहमी तत्पर असा, कारण प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. उपदेशकाने ज्या श्रमांना व्यर्थ ठरवले होते, त्या श्रमांचीच गोष्ट पौल बोलतो आहे. आणि त्याच्या लगेच पुढचे वाक्य, जे आपल्या बायबलांत सोळाव्या अध्यायात गेले आहे, ते यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी कशी जमवायची याविषयी आहे. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. पौलाच्या पत्रात मध्ये काहीच नव्हते. मरणावरचा विजय आणि गरिबांची वर्गणी एका दमात. आम्ही पहिला भाग अंत्यविधीला वाचतो आणि दुसरा भाग वाचतच नाही.

प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांना हा दम कळला होता. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर कार्थेज आणि अलेक्झांड्रियात महामारी आली, तेव्हा माणसे आपल्याच आजारी नातलगांना सोडून पळत होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिले आणि त्यांच्यातले कितीतरी त्या शुश्रूषेतच मेले. पुढच्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने दुष्काळाच्या काळात धान्य दाबून ठेवणाऱ्या श्रीमंतांना, लूकमधल्या त्याच धनवानाचा दाखला घेऊन, भर उपदेशात खडसावले आणि पुढे शहराबाहेर गरीब, आजारी आणि कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभारली. याची सगळ्यात खणखणीत साक्ष एका विरोधकाची आहे. 361 ते 363 या काळात रोमचा सम्राट असलेल्या ज्युलियनला ख्रिस्ती धर्म मोडून जुने देव परत आणायचे होते. तो आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. ज्यांना मरणाची भीती उरलेली नव्हती, त्यांना आजाऱ्याच्या खाटेशी बसायला भीती वाटली नाही, इतका सरळ हा हिशेब होता.

मराठीत लिहिताना पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती गेले, पदरात तान्ही मुलगी. जगाच्या पोकळीविषयी त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि 1896-97च्या दुष्काळात, ज्या भुकेने आपले घर खाल्ले त्याच भुकेकडे, त्या स्वतः चालत गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यांना आसरा दिला, शिकवले, हाताला काम दिले. त्याबरोबर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि 1922 मध्ये त्या स्वतः. त्यांच्या आयुष्यात दुःखाची भरपाई म्हणून सुख आलेले दिसत नाही. तरी त्यांचे श्रम व्यर्थ होते असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

रमाबाईंच्या या चरित्रासमोर समृद्धीची सुवार्ता ठेवून पाहा. ‘देवावर विश्वास ठेवला की धन, आरोग्य, यश’ हा संदेश आज जगाच्या मोठ्या भागात ख्रिस्ताच्या नावाने फिरतो. मला त्याचा राग येतो, कारण त्याचा मार विश्वासू पण दुर्बळ माणसांवरच पडतो. आजार बरा झाला नाही की चूक रुग्णाच्या विश्वासाची. कर्ज फिटले नाही की चूक त्याच्या प्रार्थनेची. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. मग ते त्याचे दुःख त्याच्याच पापातून कसे आले हे समजावू लागले. शेवटी देव त्यांना म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. धनवानाच्या कोठारांना येशूने मूर्खपणा म्हटले. त्याच कोठारांना आशीर्वादाचा पुरावा ठरवणारी सुवार्ता कोणाची आहे, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे.

समृद्धी व्यक्तीची असते, तशी सत्तेची आणि संख्येचीही असते. 410 साली रोम लुटले गेले तेव्हा कितीतरी ख्रिस्ती माणसे हादरली. साम्राज्य ख्रिस्ती झाले म्हणजे देवाचे राज्य जवळपास आलेच, असे त्यांनी धरले होते. ऑगस्टीनने तेव्हा त्यांना निक्षून सांगितले की देवाचे नगर कोणत्याही साम्राज्याशी बांधलेले नाही. वीस वर्षांनी तो मरणशय्येवर होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या हिप्पो शहराला वॅन्डल टोळ्यांचा वेढा पडला होता. कोणताही देश, पक्ष, नेता किंवा वाढती सभासदसंख्या ही ख्रिस्ती आशेची जागा घेऊ शकत नाही. जिथे ती घेते, तिथे पराभव आला की माणसांचा देवही हरतो.

एका बाबतीत मात्र फार सावध राहायला हवे. नैराश्य हा आजारही असतो, आणि आजाराला डॉक्टर लागतो. ज्याला जगणे नकोसे झाले आहे त्याला आधी एकटे न सोडणे, उपचारापर्यंत नेणे, हे प्रार्थनेच्या विरोधात जात नाही. ती प्रार्थनेचीच कृती आहे. पहिल्या राजे ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून ‘हे परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे’ असे म्हणतो आणि झोपी जातो. देवाचा दूत येतो तो काय करतो? त्याला शिवून उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो आणि म्हणतो, वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असे तो एकदाही विचारत नाही. देवाशी बोलणे पुढे होते, चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर. देवाने झोपेला आणि भाकरीला दिलेला हा पहिला मान आमच्या सांत्वनकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

शोकाचेही तसेच. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की ज्यांना आशा नाही अशा इतरांप्रमाणे तुम्ही दुःख करू नये. ‘दुःख करू नये’ एवढेच तोडून ते वाचले जाते आणि मृताच्या घरी रडणाऱ्या आईला गप्प केले जाते. मेलेल्या आपल्या मित्राला, लाजराला, आपण थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेशी रडला. आशा असलेली माणसेही रडतात. फरक इतकाच की त्यांचे रडणे देवाच्या कानावर जाते असा त्यांचा भरवसा असतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर पौल सगळी सृष्टी कण्हत आहे असे म्हणतो. तिथेच तो सृष्टी व्यर्थतेच्या अधीन झाली असेही म्हणतो आणि तिच्या सुटकेची आशा सांगतो. म्हणजे सुटका फक्त माझ्या आत्म्याची नाही; नद्या, माती, शरीरे, सगळ्यांची आहे. ज्या पृथ्वीला देव सोडून देणार नाही, तिची नासाडी करायला ख्रिस्ती माणसाकडे कोणतेही कारण उरत नाही.

मग मंडळीने काय करावे? माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. उपासनेत विलापाला जागा असावी. स्तुतिगीतांच्या मधोमध एखाद्या रविवारी 88वे स्तोत्र जसेच्या तसे, दिलाशाची शेपटी न जोडता, मोठ्याने वाचले जावे. अंत्यविधीला गर्दी करणाऱ्यांनी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, सगळे आपापल्या कामाला लागलेले असताना, त्या घरी पुन्हा जावे. साक्ष देण्यासाठी फक्त बरे झालेल्यांना उभे केले जाऊ नये. जे बरे झाले नाहीत आणि तरीही प्रार्थना करतात त्यांनाही बोलू द्यावे. पुनरुत्थानाच्या उपदेशानंतर वर्गणीचा आणि सेवेचा विषय काढायला पाळकांनी संकोचू नये. पौलाला तो झाला नव्हता.

आणि ज्यांना अजून विश्वास ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी दार उघडे असावे. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी येशू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितले, तेव्हा त्याने साफ सांगितले की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. योहान पुढे लिहितो की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. त्या आठ दिवसांत काय बोलणे झाले ते शुभवर्तमानात नाही. दहा जणांचा विश्वास होता, एकाचा नव्हता, तरी कोणी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. पुन्हा येशू आला तेव्हा तो त्याला भेटला, कारण तो तिथेच होता. आज रिकामेपण घेऊन फिरणाऱ्या माणसांना आमच्या घरांत, आमच्या बाकांवर, शंकेसह असे आठ दिवस राहू देणे आम्हाला जमणार आहे का?